ग्रेसबाईंच्या कुंपणाबाहेरून

ॲडव्होकेट ग्रेस घोन्साल्विस यांना मी प्रथम पाहिलं ते लष्करी न्यायाधिकरणात. एका हातात माजी सैनिकाच्या अपिलाचे कागद, दुसऱ्या हातात वसईच्या केळ्यांची पिशवी. माझ्या शेजारचा माझाच पक्षकार केळं खायला म्हणून उठला आणि पुढे अपीलही त्यांच्याकडेच घेऊन गेला. तेव्हापासून मला बाईंचा मत्सर वाटतो. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात तो झाकावा, असं संपादकांनी सुचवलं होतं. पण इतकी वर्षं जपलेली वस्तू अशी टाकवत नाही.

शरीरानं जायबंदी झालेल्या, मनानं खचलेल्या सैनिकांचं अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारलं गेलं, की ते वर दाद मागतात. कायदा आम्हा दोघांना सारखाच येतो, मला कणभर अधिकच. पण बाई पक्षकाराला टेबलासमोर बसवत नाहीत. त्याला आपल्या वाडीत नेतात, हातात खुरपं देतात आणि त्याच्याकडे पाठ करून केळीची सुकी पानं काढू लागतात. "समोर बघितलं की फौजी सावधानमध्ये उभा राहतो," असं त्या म्हणतात.

माझा धाकटा भाऊ मधू सीमेवरून परतला तो मुका होऊनच. झोप नाही, जेवणात लक्ष नाही. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असं म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला. घरात वकील असताना बाहेर कशाला जायचं? मी त्याला एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या ऑफिसात बसवलं आणि सगळं मुद्देसूद सांग म्हटलं. तो पंख्याकडे बघत राहिला. शेवटी त्याच्या बायकोनं त्याला बाईंकडे नेलं. मागोमाग मीही गेलो, तर बाई फाटकातच म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुम्ही बाहेर थांबा. भाऊ म्हणून आला असाल तरी बाहेरच."

कित्येक रविवार मी कुंपणाबाहेर गाडीत बसून काढले.

मधूचा जोडीदार त्याच्या डोळ्यांदेखत बर्फाखाली गेला आणि मधू नुसत्या हातांनी बर्फ उकरत राहिला, हे मला, सख्ख्या भावाला, भर कोर्टात बाईंच्या तोंडून कळलं. अपील मंजूर झालं. मी बाईंचं अभिनंदन केलं आणि आतून जळून खाक झालो.

हल्ली मीही गॅलरीतल्या कुंड्यांची सुकी पानं काढतो, मधूकडे पाठ करून. परवा मागून "दादा" एवढं ऐकू आलं. मी झटकन वळलो आणि तो गप्प झाला.

मागे न वळता पाठमोरं उभं राहणं मला जमेपर्यंत मधूला बाईंची वाडी हवी आहे. मला शिकायला वेळ लागतो. तेव्हा बाईंना भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यांचे गुडघे शाबूत राहोत.