सिंधुकाकूंनी सोडलेली गोळी

सिंधुकाकू झोपेची गोळी दातानं तोडायच्या. अर्धी जिभेवर, अर्धी पदराच्या गाठीत. पाणीसुद्धा लागायचं नाही. "तुमी चहा पेता, तशी मी गोळी घेतो. त्यात काय एवढं?" असं वर मलाच ऐकवायच्या.

अमरावतीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच होतं आणि गावाबाहेर झेंडू-शेवंतीचा मळा. बाई तोंडाची फटकळ. एखादीनं हार विकत घेताना हुंगला की म्हणायच्या, "देवाले नेऊन राहिली का सोताले?" मी शाळेत शिकवते म्हणून मला त्या मास्तरीणच म्हणत.

काका अकोटच्या रस्त्यावर ट्रकखाली गेले, तेव्हापासून त्यांचं बिनसलं. दारात मोटारसायकल थांबली तरी छाती धडधडायची, हात गार पडायचे. "जीव उडून राहिला वं," म्हणत भिंत धरून बसायच्या. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली. पहिल्यांदा त्या उजाडेपर्यंत झोपल्या, तर वंदनानं, त्यांच्या सुनेनं, आनंदानं शिरा केला. तीच गोळी मग वर्षानुवर्षं चालू राहिली. पुढे एकीनं भागेना. दुपारीही डोळे जड, चालताना तोल जायचा, आणि एवढी तरतरीत बाई नातवाचं नाव विसरायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी वंदना आणि मी त्यांना अकोल्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी नीट समजावलं. "ही गोळी मेंदूची धावपळ दाबते, म्हणून भीती कमी होते, झोप लागते. पण रोज घेतली की मेंदूला तिची सवय लागते. स्वतःहून शांत होणं त्याला जमेनासं होतं. एकदम बंद केली तर तो उसळतो. हातपाय कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आपण थोडी थोडी कमी करू. काही महिने लागतील."

"म्हंजे मी गोळीची गुलाम झालो," एवढंच काकू म्हणाल्या. 

पुढच्याच आठवड्यात नवरात्र बसलं. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी चप्पल सोडतं, कुणी चहा, कुणी गादीवर झोपणं. काकूंनी घटापुढे हात जोडून गोळी सोडली. जमलेल्या बायकांनी केवढं कौतुक केलं! माझा संताप झाला. "काकू, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"ते म्हने ना सवय लागली? मंग सवय सोडवाले देवीहून मोठं कोन आहे?"

तिसऱ्या माळेला त्यांचे हात इतके थरथरत होते की सुईत दोरा जाईना. अंगाला घाम, डोळ्याला डोळा नाही. वंदनानं अकोल्याला फोन लावला. गोळी लगेच द्या आणि जवळच्या दवाखान्यात न्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. वंदना गोळी घेऊन गेली, तर काकूंनी दात घट्ट आवळले. "देवी परीक्षा पाहून राहिली माही. मोडू नको वं माहा नेम." सासूचा नेम मोडायला सुनेचा हात धजेना. मी रिक्षा आणायला धावले. परत आले तोवर काकू झटका येऊन ओट्यावरून कोसळल्या होत्या. डोकं पायरीवर आपटलं होतं.

दवाखान्यात झटके थांबेनात. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या गोळीच्याच जातीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, तेव्हा अंग सैल पडलं. काही वेळानं त्यांनी डोळे किलकिले केले.

"मास्तरीण, मले काई देलं त नाई ना? नेम मोडला का वं?"

"नाही मोडला, काकू."

वंदना तोंड फिरवून रडायला लागली. काकूंच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला ते बघवेना. डोक्यात रक्त साकळलं होतं. संध्याकाळी त्या गेल्या.

घरच्यांना सुतक लागलं. त्यांनी घटाला शिवायचं नाही, म्हणून दसऱ्यापर्यंत पाणी मीच घातलं. हात मात्र एकदाही जोडवले नाहीत.