शेपटीवरचा क्रमांक

श्री. रामाजी नंदनवार कोराडीच्या वीज केंद्रातून मापकयंत्रांचे तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले, त्यास आता नऊ वर्षे होतील. गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत त्यांचे घर माझ्या घरासमोर आहे. त्यांचे वडील हातमागावर बसत. तुटलेला धागा कोठे जोडला हे कापडात कोणाला सापडता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष असे. रामाजींनी माग चालवला नाही. कटाक्ष मात्र उचलला.

तो त्यांनी विमानांना लावला. प्लास्टिकच्या सुट्या भागांचे संच पेटीत मिळतात. भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचे विमान तयार होते. त्यांच्या काचेच्या कपाटात अशी एकतीस विमाने आणि चार मोटारी आहेत. एकाही सांध्यावर नख अडकत नाही. मी तपासून पाहिले आहे.

बत्तिसावे विमान प्रेमानंद बारापात्रे यांच्यासाठी होते.

प्रेमानंद हे रामाजींचे शाळेपासूनचे मित्र. हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. एका दोन इंजिनांच्या मालवाहू विमानाची देखभाल त्यांनी सलग अकरा वर्षे केली. त्याच्या शेपटीवरचा क्रमांक ४७३. मुलांच्या जन्मतारखा विसरणारा हा गृहस्थ तो क्रमांक कधी विसरला नाही. गेल्या वर्षी त्यांचा काचबिंदू बळावला. उरलेली दृष्टी दिवाळीपर्यंत टिकली तरी पुष्कळ, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्याच सुमारास रामाजींना एका जुन्या संग्राहकाकडून त्याच जातीच्या विमानाचा संच मिळाला. पेटीतल्या डिकलच्या कागदावर, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर सरकवायच्या चिन्हांच्या कागदावर, नेमका ४७३ होता. प्रेमानंदांना दिसते आहे तोवर तो क्रमांक त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचा, एवढेच रामाजींनी ठरवले. प्रेमानंदांना काही कळू द्यायचे नव्हते.

कागद जुना असल्याने अंकांभोवतीची पारदर्शक झिल्ली पिवळी पडली होती. चंदेरी शेपटीवर ती डागासारखी दिसली असती. असा कागद उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवला, तर काही आठवड्यांत पिवळेपणा उडतो. रामाजी विचारात पडले.

"सर, असाच लावून टाकू काय? प्रेमाच्या डोळ्याचा भरोसा नाही."

"इतकी वर्षे सांधा दिसू दिला नाहीत," मी म्हणालो, "आता डाग का ठेवता? दोन महिने थांबा."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला चारही बाजूंनी पट्टी लावून चिकटवला. घरात पत्नीला, कौशल्याबाईंना, ताकीद दिली, की तिथे फडके फिरवायचे नाही. त्यांनी ती पाळली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पारा एकदम चाळिशीवर गेला. बुधवारी कागद पाहिला. पिवळेपणा जवळजवळ उडाला होता. वरून मारायचे वॉर्निश संपले होते, म्हणून आम्ही दोघे ते आणायला धरमपेठेत गेलो. परत आलो तेव्हा घरातून कूलरचा आवाज येत होता.

प्रेमानंद बनियनवर, कूलरच्या पंपाची धार तपासत उभे होते.

"या सर! पाहा, कशी हवा फेकून राहिला! अन् तू काय गा रामा, वहिनीले उन्हात शिजवून राहिला? कूलर कोपऱ्यात अन् साहेब बजारात!"

"मी म्हणलं, हे आल्यावर लावतील," कौशल्याबाई चहाचे कप घेऊन बाहेर येत म्हणाल्या. "ऐकतील तर भाऊजी कसले! स्वयंपाकघरातून येईपर्यंत कूलर बसवायला त्या खिडकीचं पल्लं काढून अंगणात नेलं होतं."

रामाजींनी अंगणात पाहिले. काढलेले खिडकीचे दार भिंतीला टेकवून उभे होते. काच लखलखीत होती.

"काचेवर कागद होता," ते हळूच म्हणाले.

"होता ना! जुनं स्टिकर असंन, मले काय वाचता येते आता? पांढरट काहीतरी दिसलं." प्रेमानंद खुशीत होते. "खरवडला नाही हं. विमानाच्या काचेले कोणी ब्लेड लावते काय? ओलं फडकं ठेवलं दहा मिनिटं, मंग अलगद पुसला. हात लावून पाह्य, ओरखडा नाही."

रामाजींनी काचेवरून बोट फिरवले. खरोखरच ओरखडा नव्हता.

"काहून गा? कामाचा होता काय?"

रामाजींनी माझ्याकडे पाहिले नाही.

"नाही," ते म्हणाले. "बरं केलं."

पुढचे तीन महिने मी जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. त्या जातीचा दुसरा संच मिळाला नाही. एका छपाईवाल्याकडून अंक छापून आणले. पाण्यात शाई पसरली. मग रामाजींनी कुंचल्याने लिहायला घेतले. तीन मिलिमीटर उंचीचे अंक. चारचा कोन साधला तर सातचा पाय जाड होई. पुसता पुसता शेपटीचा चंदेरी रंग दोनदा गेला, दोनदा पुन्हा चढवला. मी समोर बसून भिंग धरत असे. त्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता. जानेवारीत पिवळा डाग राहू दिला असता तर, हे वाक्य आमच्यापैकी कोणीच उच्चारले नाही.

दिवाळीपर्यंत थांबावे लागले नाही. ज्येष्ठ सरता सरता प्रेमानंदांना उजेड आणि सावली एवढेच कळू लागले. तेव्हा रामाजींनी विमान जसे होते तसे त्यांच्या हातात दिले.

प्रेमानंदांनी नाक चाचपले, दोन्ही इंजिने मोजली, चाकाचे झाकण बोटाने शोधून काढले. "अबे, हे तर माहं आहे!" ते ओरडले. "माहंच हाय! नंबर टाकला काय गा शेपटीवर?"



"टाकला," रामाजी म्हणाले.

प्रेमानंद उठले, अंदाजाने खिडकीपाशी गेले आणि कूलरच्या वरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांनी शेपटी डोळ्यांना लागेल इतकी जवळ धरली. बराच वेळ धरली. कोरी, चंदेरी शेपटी. एकही सांधा नव्हता.

"पुसट दिसून राहिलं," ते म्हणाले. "चार... सात... तीन. बरोबर ना, सर?"

छत्तीस वर्षे मी मुलांच्या वह्यांत चुकीला चूक म्हणत आलो.

"बरोबर," मी म्हणालो.