पूर्ण नाव सांगा

रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणहून खुर्चीत येऊन बसतात आणि बाही वर करतात. नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये दिवसभर माझं एकच वाक्य चालू असतं, "घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होईल." जिममध्ये जाणारी धिप्पाड माणसं सुई बघून डोळे मिटतात. हसू येतं, पण हसायचं नाही ही नोकरीची अट. त्याची भरपाई म्हणून की काय, दर पावसाळ्यात एक दिवस लॅब बंद ठेवून मॅडम आम्हाला माथेरानला नेतात. तिथे घाबरायची पाळी आमची असते.

आम्ही म्हणजे चौघं. मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीण डॉक्टर. जन्म नौपाड्यातला, बोलणं अजून शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ. सावंतकाका, सगळ्यांत जुने टेक्निशियन, वर्तकनगरला राहतात. प्रणिता, रिसेप्शनवरची, डोंबिवलीची. आणि मी, कळव्याची स्मिता, रक्त काढणारी.

*

मी नवीन असतानाची गोष्ट. बाकावर एक गृहस्थ घाम पुसत बसलेले. मी विचारलं, "कुलकर्णी ना?"

"हो," ते म्हणाले.

आत नेलं, दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, कापूस लावून पाठवलं. तेवढ्यात कोपऱ्यातले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "मी कुलकर्णी. माझा नंबर कधी?"

मी धावत पहिल्या गृहस्थांना गाठलं. "तुम्ही कुलकर्णी नाही?"

"नाही हो, मी पाटील. बायकोला घेऊन आलोय."

"मग हो कशाला म्हणालात?"

"तुमच्या हातात सुई होती."

त्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावून जे सुनावलं ते अजून पाठ आहे. "घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, स्मिता. 'तुम्ही अमुक ना' असं पुन्हा कधी विचारायचं नाही. 'पूर्ण नाव सांगा' म्हणायचं आणि ते त्याच्या तोंडून ऐकायचं." तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम. प्रणिता तर फोनवर स्वतःच्या नवऱ्यालाही पूर्ण नाव विचारते.

*

यंदा जायचं की नाही यावरच वाद झाला, कारण काकांच्या हृदयात नुकताच स्टेंट बसवलेला. त्यांच्या डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, पण सावंतकाकूंनी दिली नव्हती. मी त्यांना न्यायला वर्तकनगरला गेले तर काकू दारातच उभ्या.

"हे कुणाचं ऐकत नाहीत," त्या मला म्हणाल्या. "ही जिभेखाली ठेवायची गोळी तुझ्याकडे ठेव. यांच्याकडे दिली तर कुठेतरी विसरतील. जसे नेतेयस तसे मला आणून दे."

काका बुटाची लेस बांधत होते. "मी काय डबा आहे गो, आणून द्यायला?"

"डब्याची मला एवढी काळजी नसती," काकू म्हणाल्या.

काका हसले. मीही हसले. पण ती गोळ्यांची पट्टी पर्समध्ये ठेवली आणि चेन दोनदा ओढून बघितली.

*

नेरळहून वर जायला टॅक्सी. घाटात ढग उतरलेला, काचेबाहेर नुसतं पांढरं. मॅडम डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. वळण आलं की आवाज चढायचा, त्यावरून आम्हाला वळणं कळत होती.

शेवटी प्रणिताला राहवलं नाही. "दादा, तुम्हाला पुढचं दिसतंय ना?"

"दिसत नाय," ड्रायव्हर म्हणाला.

"मग चालवताय कसे?"

"पाठ आहे ना."

मॅडमनी रामरक्षा पहिल्यापासून सुरू केली.

*

दस्तुरीनंतर गाडी बंद. लाल मातीतून, छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेने चालत गावात जायचं. काकांना दम लागू नये म्हणून मी मुद्दाम सारखी चपलेचा पट्टा नीट करायला थांबत होते. काकांच्या ते लक्षात आलेलं. "नवीन चपला घे एकदा," म्हणाले.

बाजाराच्या तोंडाशी एका माकडाने माझी पर्स ओढली आणि पत्र्यावर जाऊन बसलं. आत काय काय होतं ते मला आठवेना, फक्त ती पट्टी आठवली. माकडाने रुमाल टाकला, कंगवा टाकला आणि नेमकी गोळ्यांची पट्टी काढून उलटसुलट करून बघायला लागलं.

काका खालून शांतपणे म्हणाले, "चावायची नाही रे, जिभेखाली ठेवायची."

चिक्कीवाल्याने चणे फेकले तेव्हा कुठे माकडाने पट्टी सोडली. मी ती ओढणीच्या टोकात घट्ट बांधून टाकली आणि काकांना बजावलं, "आता माझ्यापासून लांब जायचं नाही." त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. काका मान लगेच हलवतात.

*

मॅडमचे गुडघे दुखतात, म्हणून पॉइंटपर्यंत त्यांच्यासाठी घोडा केला. घोडा हटकून वाटेच्या कडेने चालणारा. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला धुक्याने भरलेली दरी, आणि घोड्याला आवडती बाजू दुसरी. मॅडमचा चेहरा आमच्या खुर्चीतल्या पेशंटसारखा झालेला.

"यावरून कधी कुणी पडलंय का हो?" त्यांनी घोडेवाल्याला विचारलं.

"याच्यावरून नाय पडलं."

"मग कोणावरून पडलं?"

"तो घोडा आता नाय."

मॅडम तिथेच उतरल्या. पुढचा रस्ता त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांनी चालत काढला आणि वाटेत एकदाही गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

*

पॉइंटच्या अलीकडे झाडाखाली एक चहाची टपरी आहे. तिथे आम्ही चौघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "धुकं उठेस्तोवर बसा इथंच, काय दिसणार नाय पुढं." पण प्रणिताला रील काढायचं होतं. "धुक्यातच तर भारी येतं, मावशी," म्हणत ती निघाली, तिच्यामागे मॅडम, मॅडममागे मी. काका "तुम्ही व्हा पुढे, आलोच" म्हणाले आणि कप ठेवून उठले. निदान मला तरी ते उठल्यासारखे वाटले.

थोडं चाललो आणि धुकं असं दाटलं की पुढची प्रणिता फक्त निळ्या रेनकोटएवढी उरली. मी मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

"काका?"

आवाज ओल्या कापसात बुडाल्यासारखा झाला. माझा हात ओढणीच्या गाठीवर गेला. गोळी माझ्याकडे आणि माणूस नाही. खरं सांगते, तेवढी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही. काकू दारात उभ्या राहिलेल्या दिसायला लागल्या.

आम्ही तिघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिलो. मॅडमनी सगळा जोर लावून हाक मारली, "सावंत! सावंत, तुम्हीच ना तिकडे?"

"हो," उजवीकडून आवाज आला.

प्रणिता रडायलाच लागली. मॅडम म्हणाल्या, "थांबा तिथेच, आम्ही येतोय." आम्ही आवाजाच्या दिशेने निघालो. पायाखाली लाल चिखल, त्यावर ओला पाला. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती.

"आहात ना?" मॅडमनी विचारलं.

"हो."

आवाज काकांचा होता का? मला तसाच वाटला. पण दुसऱ्यांदा तो "हो" ऐकला आणि मला बाकावर घाम पुसणारे पाटील आठवले. ते घाबरून हो म्हणाले होते. इथे हो म्हणणारा घाबरलेला वाटत नव्हता. घाबरलेल्या आम्ही होतो, आणि नाव आमच्याच तोंडून गेलं होतं.

मी मॅडमचा हात मागे ओढला. लॅबमधलं वाक्य रोजच्यासारखंच निघालं. "पूर्ण नाव सांगा."

बराच वेळ काही नाही. मग आवाज आला, "सावंत."

"पूर्ण."

त्यानंतर काही आलं नाही. वारा सुटला, धुकं जरासं हललं आणि पुढचं दिसलं. पाऊलभर माती होती. तिच्यापलीकडे खाली झाडांचे शेंडे होते, तेही खूप खाली. आवाज तिकडून येत होता.

आम्ही टपरीवर कशा पोहोचलो ते तिघींपैकी कुणालाच नीट सांगता येत नाही. काका बाकड्यावर बसून दुसरा चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "तू परत आलीस होय? येत होतो की मी."

"परत म्हणजे?"

"आता नाही का येऊन गेलीस, त्या झाडाकडे उभी राहिलीस? धुक्यात नीट दिसेना म्हणून मी विचारलं, स्मिता ना? तर हो म्हणालीस. मग 'चला' म्हणालीस. मी म्हटलं, चहा संपवून येतो."

त्यांचा चहा तळाशी आला होता. मॅडमनी त्यांच्या हातातून कप काढून घेतला आणि खाली ठेवला. प्रणिताने फोन पिशवीत टाकला. मी काकांचं मनगट धरलं ते थेट दस्तुरीच्या टॅक्सीत बसेपर्यंत सोडलं नाही, आणि काकांनीही ते सोडवून घेतलं नाही.

वर्तकनगरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी बेल वाजवली. आतून काकूंच्या चपलांचा आवाज आला, पण दार उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "कोण? स्मिता ना?"

मी हो म्हटलं नाही. पूर्ण नाव सांगितलं. माझ्या मागून, कुणी न विचारता, काकांनीही सांगितलं.