आधी आपली मुलं

शास्त्रीबुवांच्या एका शिष्यानं माझा हात पाठशाळेच्या उंबऱ्यावर दाबून धरला. दुसऱ्यानं खडावेनं बोटं ठेचली. दोन मोडली. मी दहा वर्षांचा होतो.

गुन्हा एवढाच, की एक ओळ वाचली. पुण्यात तेव्हा पेशव्यांचा अंमल. आम्ही कसब्यातले कागदी, मुसलमान. पाठशाळेला कागद आमचाच जायचा. त्या दिवशी गठ्ठे उतरवताना ओसरीवर पोथीचं पान पडलेलं दिसलं. कागद पोचवता पोचवता अक्षरं ओळखीची झाली होती, मी मोठ्यानं वाचलं. अब्बांना राहवलं नाही. पोराला अंगणात बसून ऐकू द्या, म्हणाले.

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "शाळा आमच्या धर्माची. आधी आमची मुलं. मग जागा उरलीच, तर ती रिकामी राहील."

मग खडाव. मी ओरडत होतो आणि अब्बा हात जोडून माफी मागत होते. उरलेले गठ्ठेही त्यांनी नीट रचून दिले.

पुढं त्यांनी मला मशिदीतल्या मकतबात घातलं. तिथं मी आपला. पहिल्या ओळीत जागा. डाव्या हातानं फारसी लिहायला शिकलो.

चार वर्षांनी कुंभारवाड्यातली सकू मकतबाच्या दारात आली. विधवा. आमच्याकडे कागदाचा लगदा कुटायची. सोबत तिचं पोर. चार अक्षरं आली तर कुठं तरी चिकटेल, म्हणाली. चटया रिकाम्या होत्या.

आम्हाला शिकवणारे मुल्लाजी म्हणाले, "आधी आपली मुलं."

ती हलली नाही. मुल्लाजींनी छडी उचलली. पहिला फटका पोराच्या कानावर. रक्त आलं. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. मीही. दुसरा सकूच्या तोंडावर. तिसऱ्याला मी उठलो. छडी हिसकावली आणि त्यांच्या मनगटावर हाणली. हाड वाजलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

अब्बांनी मला भर रस्त्यात तुडवलं. "आपल्या माणसावर हात उचललास?"

"माझी बोटं मोडली तेव्हा तुम्ही कुणावर उचललात?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मरेपर्यंत.

आता मुठेच्या काठी माझी शाळा आहे. कुंभारांची, कागद्यांची, माळ्यांची पोरं. एक भटाचं पोरकं पोरही. दोनदा शाळा मोडली. एकदा पाठशाळेवाल्यांनी, एकदा आमच्यांनी. दुसऱ्या वेळी माझे दात पडले, सकूच्या पोराचा डोळा गेला. आठवड्यानं तो फडकं बांधून आला आणि जागेवर बसला.

दाराशी कुऱ्हाड ठेवलीय. धार मीच लावतो. आत येणाऱ्या पोराचा धर्म मी विचारत नाही. मोडायला येणाऱ्याचाही विचारणार नाही.