तेवीस ठिपके

सुचिताला खोटं बोलता येत नाही, हे हरिहरेश्वरातलं कोणीही सांगेल. मासळी ताजी नसेल तर ती पाहुण्यांना तोंडावर सांगते आणि वर, डाळ घ्या, असंही सुचवते. त्यामुळे तिच्या घरगुती खानावळीत गर्दी बेताचीच, पण एकदा आलेला माणूस पुन्हा येतो. अशी ही बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, पण ते सलग दोन वर्षं बोलत राहिली. त्याची आठवण तिला मार्गशीर्षातल्या अमावास्येला सकाळी नऊ वाजता, माळ्यावरून पाहुण्यांसाठी गाद्या काढताना झाली.

गाद्यांच्या मागे पत्र्याची ट्रंक होती आणि ट्रंकेत मामाने आणलेली पाच पुस्तकं. मामा मालवाहू जहाजावर खलाशी. न्हावा शेव्याला जहाज लागलं की भाचरांसाठी काहीतरी घेऊन यायचा. एका वर्षी चॉकलेटांऐवजी ही इंग्रजी पुस्तकं आली, निंजाची. वाचणाराच निंजा. तोंडावर काळा मुखवटा, पाठीला तलवार आणि दर थोड्या मजकुराखाली एक प्रश्न: दोरीचा पूल ओलांडणार असाल तर १४७ वर जा, दरीत उतरणार असाल तर ८९ वर. एका आकड्यावर गोष्ट पुढे जायची, दुसऱ्यावर मरण असायचं. मेलात की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

तिचा भाऊ रतन तेव्हा सात वर्षांचा, त्याला इंग्रजी कुठलं येणार! सुचिता नववीत होती. मांडीवर डिक्शनरी घेऊन ती वाचायची, मराठीत सांगायची आणि कुठे जायचं ते रतन ठरवायचा. आईला जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पहिल्याच पुस्तकात रतन एका विहिरीत उतरला आणि मेला, आणि सुचिताने ते जसंच्या तसं सांगून टाकलं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. वडिलांनी कारण विचारलं तर म्हणालं, मी मेलोय. तिसऱ्या दिवशी सुचिताने, माझंच वाचायला चुकलं रे, असं म्हणत निंजाला विहिरीतून वर काढलं. त्यानंतर रतन एकदाही मेला नाही. तो खुशाल मरणाच्या आकड्यावर बोट ठेवायचा आणि ती दुसऱ्याच आकड्याचा मजकूर वाचायची. कुठे फसवलंय ते आपल्या लक्षात राहावं म्हणून मरणाच्या मजकुराशेजारी पेन्सिलीचा ठिपका द्यायची.

माळ्यावरच बसून तिने ते ठिपके मोजले. पाच पुस्तकांत मिळून तेवीस भरले. एरवी तिला हसू आलं असतं, पण आज आलं नाही.

कारण रतन आता चौतीस वर्षांचा झाला होता आणि पाहुण्यांना प्रदक्षिणेला नेणं हाच त्याचा धंदा होता. देवळामागून डोंगर चढायचा, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि समुद्राच्या कडेकडेने खडकांवरून परत यायचं. पण हे सगळं ओहोटीलाच. अमावास्येला आणि पुनवेला दुपारी बाराच्या सुमाराला पाणी कड्याला लागतं आणि चारशिवाय वाट मोकळी होत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हातारी माणसं तिथी पाहिल्याशिवाय तिकडे पाऊल टाकत नाहीत. रतन तिथी पाहत नसे. तो खडकावर उभा राहून लाटा मोजायचा आणि मध्येच, चला, म्हणायचा. आजवर त्याचं एकदाही चुकलं नव्हतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

आज त्याच्याकडे पुण्याची अकरा माणसं होती. तीनला त्यांची गाडी निघणार, म्हणून त्याने त्यांना दोनची वेळ दिली होती. कालपासून सुचिता डोकं फोडत होती आणि तो हसून म्हणत होता, "काय होत न्हाय ग. मी कधी चुकलोय काय?"

ती पुस्तकं घेऊन खाली उतरली. रतन ओट्यापाशी चहा पीत होता. पुस्तकं पाहून त्याचा चेहरा खुलला. आपण पाचही जिंकली होती, म्हणत त्याने वरचं पुस्तक ओढून घेतलं.

"तू न्हाय जिंकलास," सुचिता म्हणाली. "हितं, ह्या ठिपक्यापाशी मेलास. ह्या पुलावरनं पडून. मी तुला दुसरंच वाचून दाखवलं."

तिला वाटलं होतं, तो थट्टेवारी नेईल. पण रतनने पुस्तक डोळ्यांपुढे धरलं. पाहुण्यांच्या संगतीत त्याला वाचण्यापुरतं इंग्रजी आलं होतं. ओळीखाली बोट धरून त्याने त्या ठिपक्याशेजारचा मजकूर वाचला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चहावर साय धरली. विषाची सुई, बुडालेलं तळघर, कोसळलेला बुरूज, असे सगळे तेवीस ठिपके वाचूनच तो उठला. पुण्याच्या माणसांना फोन करून त्याने प्रदक्षिणा रद्द केल्याचं सांगितलं. पलीकडून बराच आरडाओरडा झाला, तो त्याने मुकाट्याने ऐकून घेतला.

सुचिताचा जीव भांड्यात पडला. ती मासळी साफ करायला बसली. दोन वाजत आले तेव्हा तिचं दाराकडे लक्ष गेलं, तर रतनच्या चपला नव्हत्या.

ती हात न धुताच धावली. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला पोचली तेव्हा रतन अगदी तळाशी एकटाच उभा होता आणि त्याच्यापुढची वाट फेसाखाली गेली होती. हाक मारावी तर तो नेमक्या वाईट क्षणी मागे वळायचा, या भीतीने तिने तोंडावर हात दाबून धरला. हाताला मासळीचा वास येत होता. लाट ओसरली, पण रतन हलला नाही. दुसरी ओसरली, तिसरी ओसरली. चौथ्या खेपेला तो उतरला, दहा-बारा पावलं गेला आणि मधेच थांबला. असं तो कधीच थांबत नसे. पुढची लाट उठताना त्याने पाहिली आणि चार पायांवर येऊन खडकाला मिठी मारली. पाणी त्याच्या पाठीवरून गेलं. एक क्षणभर तिला फक्त पांढरं दिसलं. मग रतन दिसला, लहान पोरासारखा रांगत मागे येताना.

तो वर आला तेव्हा त्याचा गुडघा फुटला होता आणि दात वाजत होते. त्याला भीती वाटली होती, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि सुचिताला त्याचा आनंद झाला. असा आनंद झाल्याची तिला लाजही वाटली. ती पदराने रक्त पुसायला गेली, तर त्याने पाय मागे घेतला.

"तेव्हाच मारायचं होतंस मला, ताई," तो म्हणाला. "लोकांची ल्हान ल्हान पोरं खांद्यावर बसवून गेलोय मी हितनं."

 सुचिता त्याच्या शेजारी पायरीवर बसली. चार वाजता पाणी उतरून वाट मोकळी झाली, तरी दोघंही उठली नाहीत.