अर्थिंगला पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, पुढे मी तुम्हाला फार वेळ हसू देईन असं वाटत नाही. मी फिजिक्स शिकवतो. तेही लातुरात, जिथं गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येतात! त्या पोरांपुढं उभं राहून मी विजेचा धडा शिकवतो, आणि त्याच विजेपायी मी जो गाढवपणा करून ठेवलाय, तो ऐकून एखादा विद्यार्थी फी परत मागायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. होस्टेलं ओस पडली, पोरं आपापल्या गावी गेली, क्लासला सुट्टी लागली. आमची सुनीता दोन्ही लेकरं घेऊन माहेरी अर्धापूरला गेली. तिकडं केळीच्या बागा, म्हणजे निदान विहिरींना थोडं पाणी होतं. मी एकटा मागं राहिलो. टँकर आला की ड्रम भरायला कुणीतरी घरात पाहिजे ना, असं मी तिला सांगितलं.

खरं कारण सांगू? माझं पार्सल यायचं होतं!

हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर. साधासुधा नव्हे, ट्यूबचा. जुन्या रेडिओच्या पोटात काचेचे दिवे असायचे बघा, तसले दोन दिवे डोक्यावर मिरवणारा डबा. चालू केला की आधी निवांत तापणार, मग काचेच्या आत निखाऱ्यासारखा उजेड येणार, आणि मग गाणं. जादा तास घेऊन घेऊन मी तो मागवला होता आणि सुनीताला त्याचा पत्ता नव्हता.

पहिल्या दुपारी हेडफोन कानाला लावला आणि माझी आवडती जुनी ठुमरी लावली. काय सांगू! गाणाऱ्या बाई माझ्या शेजारी बसून गात होत्या हो! ओळ उचलण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास मला ऐकू आला. सारंगीवाल्याचा गज तारेवर वळतानाचा खरखरीतपणा ऐकू आला. कॉलेजपासून तीच ठुमरी ऐकतोय मी, पण त्या बाई मध्ये श्वास घेतात हे मला ठाऊकच नव्हतं. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं, घरात प्यायचं पाणी वाटीनं मोजून घेत होतो, आणि मी डोळे भरून बसलो होतो. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

पण त्या श्वासाच्या मागं आणखी काहीतरी होतं. गुंऽऽऽऽ!

बारीक, पण सतत. तंबोरा समजून चालवून घेतला असता, पण तो सुरातही नव्हता. शिवाय डब्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. म्हणून वायरमन रफीकभाईला बोलावलं. त्यानं इकडं टेस्टर लावला, तिकडं लावला, मागच्या अंगणात जाऊन भिंतीलगतचा अर्थिंगचा खड्डा बघितला आणि म्हणाला, "सर, जमीन वाळून फत्तर झाली हाय. अर्थिंगला ओल लागती. खड्ड्यात मीठ टाका, रोज बादलीभर पानी ओता, आवाज बंद!"

एवढं बोलून तोच हसत सुटला. "पन पानी आनता कुठून म्हना! पाऊस पडूस्तर ऐका तसंच."

तो हसला, मी हसलो नाही. तिथंच माझी बुद्धी फिरली.

आता घराचं सांगतो. घर भाड्याचं, आम्ही वरच्या मजल्यावर, खाली मालकीण शकुंतलाकाकू. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला, त्या धामधुमीत त्यांची इथं बदली झाली. तेव्हा आमच्या वस्तीत बाभळींशिवाय काही नव्हतं. नवरा लवकर गेला. काकूंनी नाइट ड्यूट्या करून प्लॉट घेतला, एकेक खोली वाढवली, हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. आता त्यांचा मुलगा विशाल पुण्यातून रोज फोन करायचा. आई, तिथं पाणी नाही, तुझ्यानं घागर उचलत नाही, घर विकून टाक आणि इकडं ये. काकूंचा जुना बोअर आटलेला होता. पाण्याची सोय झाली तर काकू राहणार, नाहीतर पावसाळ्याआधी घर विकून पुण्याला जाणार, असं मायलेकाचं ठरलं होतं.

"तिथं माझं काय हाय रं बालाजी?" मला म्हणायच्या. "तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. हितं माझं नाव हाय दारावर."

हे सगळं मला माहीत होतं बरं का. तरी मी काय केलं? दुपारी गल्ली झोपली की मागच्या जिन्यानं बादली घेऊन उतरायचं, खड्ड्यात मीठ टाकायचं, पाणी ओतायचं आणि चोरासारखं वर पळायचं. पाणी माझ्याच वाटणीचं होतं, आंघोळीचं. म्हणजे मी आंघोळ सोडली आणि ती अर्थिंगला घातली! सांडपाणी चाललं नसतं का? चाललं असतं की. पण ते संडासाला लागायचं.

आणि गुंऽऽ गेला! काय शांतता! त्या शांततेत ठुमरी अशी उभी राहायची की मी अंगाच्या वासासकट तृप्त होतो.

आठवडा असा सुखात गेला. मग एका संध्याकाळी खालून काकूंची हाक आली.

"बालाजी! आरं लवकर खाली ये! हे बघ काय झालंय!"

मागच्या अंगणात काकू उभ्या होत्या आणि शेजारचे बिराजदार उकिडवे बसले होते. बिराजदार म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. त्यांच्यासमोर भिंतीलगत जमीन ओली होती, आणि त्या गारव्यात गल्लीतलं कुत्रं पाय ताणून पसरलं होतं. बिराजदारांनी चिमूटभर माती उचलली आणि चक्क जिभेवर ठेवली.

"खारं हाय!" ते ओरडले. "सिस्टर, वरचं पानी न्हाई हे. खोलातला झरा हाय, वर यायलाय!"

खारं असणारच. माझ्या घरचं मीठ होतं ते!

तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सर, तुमी सायन्सवाले. असं होतंय का?"

एका वाक्यात मिटलं असतं. पण त्याच सकाळी टँकरवर दोन बायकांची घागरीवरून झोंबाझोंबी झाली होती आणि सोडवायला हेच बिराजदार गेले होते. त्यांना सांगू, की बादलीभर पाणी मी रोज मातीत घालतो? गाण्यासाठी?

माझ्या तोंडून शब्द निघाले, "होऊ शकतं. केशाकर्षण म्हणतात त्याला."

केशाकर्षण! अहो, दगडाच्या खालून पाणी वर चढवलं मी एका शब्दात! बिराजदारांनी तो शब्द घेतला आणि अंधार पडायच्या आत गल्लीभर केला. काकूंनी तिथंच विशालला फोन लावला. "मी न्हाई येत रं पुन्याला. आपल्या घरात पानी हाय. क्लासचे सर सुद्धा म्हनायलेत."

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी टाकणं बंद केलं. म्हटलं, वाळेल, विसरतील. वाळलं खरं. पण काकू त्या कोरड्या जागेशी खुर्ची टाकून बसल्या. जेवल्याही नाहीत. "गेलं रं पानी," एवढंच मला म्हणाल्या. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

आणि मी दुपारी परत बादली ओतली!

काकूंसाठी ओतली म्हणून मी माझी समजूत घातली. पण ओतून झाल्यावर वर येऊन मी हेडफोन लावला, हेही खरं आहे. त्यातली किती बादली काकूंसाठी होती आणि किती ठुमरीसाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

मग बिराजदार औशाकडचा एक पाणाड्या घेऊन आले. म्हातारा तळहातावर आडवा नारळ धरून सगळ्या अंगणात फिरला. नारळ ढिम्म. माझ्या खड्ड्याशी आला मात्र, आणि नारळ ताडकन उभा! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. काकूंनी रिटायरमेंटची ठेव मोडली आणि बोअरची गाडी सांगितली.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी मला राहवेना. गेलो खाली. बिराजदार तिथं चहा पीत बसलेले होतेच.

"काकू, बोअर घेऊ नका. झरा-बिरा काही नाही. ते पाणी मी टाकतोय."

"तू? कशाला?"

"अर्थिंगला. माझ्या हेडफोनमध्ये गुंऽऽ असा आवाज येतो. पाणी टाकलं की जातो."

बिराजदारांना असा ठसका लागला की चहा नाकातून आला. "सर! लोकं घागरीसाठी डोकी फोडायलेत, अन् तुमी गानं ऐकायला पानी मातीत ओतायलाव? आवो, कुनाला सांगायलाव हे? येडं मानूस बी असं करनार न्हाई!"

"मी केलंय! थांबा, दाखवतो!"

धावत वर गेलो, अ‍ॅम्प्लिफायर काखेत मारून खाली आणला, काकूंच्या हॉलमध्ये प्लगला लावला. तो तापेपर्यंत तिघंही त्याच्याकडं बघत बसलो. मग काकूंच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणालो, "ऐका. येतोय ना गुंऽऽ?"

काकूंनी डोळे मिटले. "न्हाई बा. आवाज-बिवाज काईच न्हाई. बाई चांगली गाती की रं."

कसा येईल आवाज? दुपारचीच बादली मी स्वतः ओतून आलो होतो!

बिराजदार हसत होते, पण काकूंनी हेडफोन काढला तेव्हा त्या हसत नव्हत्या. माझ्याकडं रोखून बघत म्हणाल्या, "विशालनं फोन केलता का तुला? मला पुन्याला न्यायला तुला बी फितवलं का त्यानं?"

"काकू, आईशप्पथ नाही—"

"चहा पी अन् वर जा."

मी चहा प्यायलो आणि वर गेलो. खरं म्हणजे गाडीपुढं आडवं पडायला पाहिजे होतं मी. पण एकदा खरं बोललो ना, आपलं काम झालं, असं काहीतरी मनाशी म्हणत मी गॅलरीत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी गाडी लागली. गल्ली घागरी, बादल्या, डबे घेऊन उभी राहिली. मशीन धडधडायला लागलं आणि त्या भोकातून धूळ यायला लागली. आधी काळी, मग तांबूस, मग पांढरी. पाणाड्यानं सांगितलेली खोली गेली. गाडीवाला म्हणाला, आणखी जाऊ? काकू म्हणाल्या, जा. आणखी गेलं. पिठासारखी धूळ सगळ्या गल्लीवर पडत राहिली. एकेक माणूस रिकामी घागर घेऊन घरी गेलं. शेवटी काकू एकट्याच उभ्या होत्या, हातात स्टीलची घागर, केस, भुवया, पदर सगळं पांढरं. आणि ती धूळ धुवायलाही त्यांच्याकडं पाणी नव्हतं.

पाणाड्या म्हणाला, झरा सरकला. बिराजदार म्हणाले, कुणाची तरी नजर लागली. मला कुणीच काही म्हणालं नाही, आणि मीही गप्प राहिलो. लाज वाटत होती, आणि सुटलो असंही वाटत होतं. या दुसऱ्या वाटण्याची मला जास्त लाज वाटते.

पंधरा दिवसांत विशाल गाडी घेऊन आला. घर विकायला काढलं. काकूंनी सामान त्याला भरू दिलं, दारावरची पाटी मात्र स्वतः स्क्रू काढून उतरवली आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

पुढं खालच्या मजल्याचं कनेक्शन बंद करायला रफीकभाई आला. अंगणात बोअरचं तोंड दगडानं झाकलेलं होतं. त्यानं दगड सरकवून आत बघितलं आणि खूश होऊन मला हाक मारली.

"सर! लोखंडी केसिंगचा पाइप हाय की ह्याला, पार खोल गेलेला! तुमच्या अर्थिंगची तार त्यालाच जोडतो. पानी टाकायची झंझटच खतम!"

नको म्हणायचं होतं मला. खरंच म्हणायचं होतं. तोवर त्यानं तार जोडलीसुद्धा.

त्या संध्याकाळी मी हेडफोन लावला. गुंऽऽ नाही. काही म्हणजे काहीच नाही! काकूंनी आयुष्यभराची कमाई घालून माझ्यासाठी लातुरातली सगळ्यात खोल अर्थिंग घेतली होती. बाईंनी श्वास घेतला, ओळ उचलली, आणि समोर फोनचा दिवा लागला. काकू!

"जेवलास का? सुनीता आली का लेकरं घेऊन? टँकर येतंय का?" सगळी चौकशी केली. मग म्हणाल्या,

"एक इचारू का बालाजी? तू तवा म्हनला व्हतास, पानी मीच टाकतो म्हनून. मी विशालवर संशय घेतला. पन तो बाबासाहेबांची शपथ घिऊन सांगायलाय, तुला कधी फोनच केला न्हाई म्हनून. मग ते खरं व्हतं का रं?"

हेडफोन गळ्यात होता. त्यातून बाईंचं गाणं बारीक ऐकू येत होतं. मी हात लांब करून डबा बंद केला.

"नाही काकू," मी म्हणालो. "तुमचे पैसे वाचावेत म्हणून उगीच बोललो होतो."

काकूंनी मोठा सुस्कारा सोडला.

"तेच म्हनलं मी विशालला. म्हनलं, बालाजी येडा हाय, पन येवढा येडा न्हाई."

"हाव काकू," मी म्हणालो.