टेंभुर्णीच्या निंबाचे दूध

चमत्कार पाहायला माणसाने शुद्ध होऊन निघावे. जालना स्टेशनाबाहेर मोटारीत बसलो तेव्हा मी धोतरासकट शुद्ध होतो. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती. पहिल्याच चढाला ती थांबली आणि शुद्धतेचा प्रश्न निकालात निघाला.

शेजारी रेशमी कफनीतले एक महाराज होते. टेंभुर्णीत एका निंबातून (कडुनिंबातून) दूध गळू लागले होते. त्याचा आध्यात्मिक अर्थ सांगायला गावकऱ्यांनी त्यांना बोलावले होते. मला कोणी बोलावले नव्हते.

"प्रभूच्या इच्छेने निघेल गाडी," महाराज म्हणाले.

"निकलेगी ना," ड्रायव्हर यासीनमियाँ म्हणाले. "मगर प्रभू धक्का न्हाई मारत, महाराज. जल्दी उतरा."

महाराजांनी मोटारीला आशीर्वादाचा एक हात लावला. आम्ही बाकीच्यांनी ती ढकलली.

निंब गंगूबाईच्या बांधावर होता. नवरा मागेच वारलेला. तिची वर्षाची भाकरी त्या पट्टीतल्या ज्वारीवर. भाविकांनी ज्वारीतून वाट पाडली होती आणि उरलेली राखायला ती काठी घेऊन उभी होती. खोडातून पांढरा फेस गळत होता. मी चाखला. गोडसर होता, शेवटी कडू. झाडांना असा रोग होतो, असे मी म्हणालो.

"बराबर," शेजारचा म्हातारा म्हणाला. "पन ह्याच झाडाला कसा काय झाला?"

मी चिकट बोट धोतराला पुसले.

गंगूबाई महाराजांपुढे आली. "म्हाराज, लोक तुमचं ऐकतेत. ह्यांना घरी जा म्हना."

"माई, चमत्कार सगळ्यांच्या नशिबी नसतो."

"कशाचा चमत्कार? एक दाना टाकला का कनीस भरून येतं, दरसाल. तवा कुनी नारळ घेऊन आल्तं का?"

महाराजांनी डोळे मिटले. वाक्य त्यांना आवडलेले दिसले.

दुपारी भाकरी-ठेचा झाल्यावर ते निंबाखाली उभे राहिले. "लोकहो, दूध गळणे हा चमत्कार नव्हे! रोज समोर असून आपण पाहत नाही, तो चमत्कार. एका दाण्याचे कणीस होते. प्रभू त्या कणसात उभा आहे!"

अर्थ खरा होता. मीसुद्धा मान हलवली. गंगूबाईने काठी खाली ठेवून हात जोडले. मग सगळे लोक निंबाकडे पाठ करून ज्वारीकडे वळले.

धक्काबुक्की अजिबात झाली नाही. प्रत्येकाने पायातले काढून, नमस्कार करून एकेक कणीस घेतले. ज्यांच्या घरी आजारी माणूस होते त्यांनी त्याच्यासाठीही घेतले. गंगूबाई अडवायला धावली, तर लोक तिच्याही पाया पडले.

"माई, तुमचे शेत धन्य झाले," महाराज म्हणाले.

"रिकामं झालं म्हना की. आन् कडब्यात न्हाई का तुमचा प्रभू? का तेवढा मला ठिवला?"

महाराज मोटारीत जाऊन बसले.

परतताना त्याच चढावर मोटार पुन्हा थांबली. एका हातात कणीस धरून सगळ्यांनी दुसऱ्या हाताने ढकलली. महाराजांनी अर्थ चुकीचा सांगितला नव्हता, हे मी वाटभर स्वतःला समजावत होतो. जालन्याला उतरताना एकाने माझ्या तळहातावर प्रसादाचे चार दाणे ठेवले. ते मी चावून पाहिले. ज्वारी अजून चिकात होती, कोवळ्या दाण्यांतून नुसते पांढरे दूध आले. तिची भाकरी झाली नसती.